विमानात स्वतःची बाटली उघडली तर चुकलं काय? (नानांचा दुबई रिटर्न किस्सा)

तापीकाठ
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय थोडा नाजूक आहे पण पंधरा दिवस झाले घरात दुसरं बोलणंच नाही, म्हटलं इथे जाणकार आहेत त्यांना विचारून टाकू.

आमचे नाना म्हणजे माझे सख्खे चुलते, वय ६८, अमळनेर तालुक्यात कापूस-मका. मुलगी-जावई दुबईला असतात, त्यांच्याकडे नाना-काकूंना घेऊन मी गेलो होतो. जातांना सगळं शिस्तीत, नानांनी तर सीटबेल्ट शेवटपर्यंत सोडला नाही. येतांना दुबईच्या ड्यूटी फ्रीमध्ये जावयाने दोन बाटल्या घेऊन दिल्या, एक-एक लिटरच्या, सीलबंद पारदर्शक पिशवीत. विमान स्वस्तातलं, म्हणजे खाणंपिणं सगळं विकत. जेवणाची गाडी आली तेव्हा नानांनी व्हिस्कीचा भाव विचारला, ५० मिलीच्या त्या खेळण्यातल्या बाटलीचा भाव ऐकून एकदम खान्देशी हिशोब केला आणि मला म्हणाले, "घरनी बाटली शे, मंग इकत काब्र लेऊ?"

मला वाटलं गंमत करतायत. मी डोळे मिटले, दहा मिनिटांनी उघडले तर पिशवी फाडलेली, सील तोडलेलं, आणि नाना शांतपणे थम्सअपच्या ग्लासात ओततायत आणि काकू खिडकीकडे तोंड करून बसलेल्या (त्या तशाच बसतात, चाळीस वर्षांचा सराव आहे). हवाईसुंदरी आली, आधी गोड बोलली, मग तिच्या वरची बाई आली, बाटली घेऊन गेली, उतरतांना परत देऊ म्हणाली आणि एक छापील कागद हातात दिला की हे नियमाबाहेर आहे, पुन्हा केलं तर पोलिसात देऊ. नानांचा आवाज चढला नाही, शिवी नाही, काही नाही. फक्त एवढंच म्हणाले, "पैसा मना, बाटली मनी, पेवावर बंदी कसानी?"

उतरल्यावर बाटली मिळाली. पण अपमान मनाला लागलाय. आता प्रश्न असे की १) क्रू बरोबर होता का? २) नानांचं नाव त्या नो फ्लाय लिस्टमध्ये (विमानप्रवासाला बंदी असलेल्यांची यादी) गेलं असेल का? डिसेंबरात नातवाचं बारसं आहे, परत जायचंय. बाकी दारू पिणं वाईट वगैरे प्रवचन कृपया नको, ते काकूंनी घेतलेलं आहे.

भुसावळ_जंक्शन
काकू खिडकीकडे 😂😂 मी हे वाक्य बायकोला वाचून दाखवलं आणि आता मला जेवण मिळेल की नाही शंका आहे.

रेल्वेत तरी कुठे चालतं हो. आमच्या गाडीत रोज बघतो, कलम १४५ आहे रेल्वे ऍक्टचं, नशेत सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि पाचशे रुपये दंड, तरी लोक स्प्राइटच्या बाटलीत घेऊन बसतातच. नानांनी फक्त सवय वर नेली.

खिशात_सातबारा
क्रू चूक. विकत घेतलेली वस्तू, बिल आहे, ड्यूटी फ्री म्हणजे सरकारमान्य दुकान. हा सगळा विकायचा धंदा आहे, थिएटरवाले बाहेरचे पॉपकॉर्न नेऊ देत नाहीत तसंच. तुम्ही कन्झ्युमर कोर्टात जा.

पूर्वी_हवेत
मी मूळची अमळनेरचीच, लग्नाआधी नऊ वर्षं केबिन क्रूमध्ये होते, बहुतेक वेळ गल्फच्या फेऱ्यांवर. तेव्हा नानांसारखे शंभर नाना पाहिलेत आणि त्यातले नव्वद खरंच साधे असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पॉपकॉर्नची तुलना इथे बसत नाही. ज्या कंपन्या दारू फुकट देतात, त्यांच्याही विमानात स्वतःची बाटली उघडता येत नाही. अमेरिकेत तर हा सरळ कायदाच आहे, विमान कंपनीने स्वतः दिलेली सोडून दुसरी दारू विमानात प्यायची नाही, आणि कंपनीनेही नशेत दिसणाऱ्याला दारू द्यायची नाही आणि विमानात चढूही द्यायचं नाही. बाकी देशांत शब्द वेगळे असतील, कंपन्यांच्या अटींमध्ये मात्र हे वाक्य जवळजवळ सगळीकडे असतं. तिकीट काढतांना आपण सगळे खालच्या चौकोनात टिक करतो ना, न वाचता, त्यातच ते असतं.

कारण एकच. मोजमाप. गाडीवरून मी दिलं तर मला माहीत असतं की १४ सी ला दोन झाले, दुसरा अर्ध्या तासापूर्वी दिला, पोटात जेवण आहे की नाही. आम्हाला सिग्नलच्या दिव्यांसारखं शिकवतात, हिरवा म्हणजे माणूस ठीक, पिवळा म्हणजे आवाज वाढलाय, लगट करतोय, आता हात आखडता घ्या, लाल म्हणजे बंद. पिवळ्यावर आलेल्याला आम्ही सरळ नाही म्हणत नाही, आधी पाणी, मग जेवण, मग "सर, बर्फ संपलाय, आणते" म्हणून वीस मिनिटं गायब. आणि एक गोष्ट कधीच बोलायची नाही ती म्हणजे "तुम्ही प्यायलेले आहात". तो शब्द ऐकला की निम्मे जण भांडणावर येतात. हे सगळं गणित स्वतःच्या बाटलीने बिघडतं. ग्लासात थम्सअप दिसतो, आत किती गेलं देव जाणे. लिटरची बाटली आणि ओतणारा हात घरचा, आता घरचा पेग कसा असतो ते मी काय सांगू.

दुसरं, नुसता दंगा हीच काळजी नसते. विमान पास करतांना अशी चाचणी घेतात की निम्मे दरवाजे बंद ठेवून सगळी माणसं ९० सेकंदात बाहेर पडली पाहिजेत. त्यात एक जण पायरीवर बसून "माझी पिशवी" करत राहिला तर मागच्यांचं काय?

तुमच्याकडे जी क्रू होती तिने माझ्या मते चांगलं काम केलं. बाटली जप्त केली नाही, सांभाळून ठेवली आणि परत दिली. बाहेरच्या देशांत पोलीस दारात उभे राहिलेले मी पाहिलेत, यापेक्षा कमी कारणासाठी. ब्रिटनमध्ये विमानात नशेत असणं हाच गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद.

तापीकाठ
@पूर्वी_हवेत ताई फार आभार. नानांना हे वाचून दाखवलं. "घरचा पेग" वाल्या वाक्यावर काकूंनी मान हलवली, नाना गप्प.

खिशात_सातबारा
मोजमाप पटलं एक वेळ. पण मग विमानतळावर सकाळी सहाला बियर कशी मिळते? तिथे कोण मोजतं?

पूर्वी_हवेत
@खिशात_सातबारा हा प्रश्न लाखातला विचारलात भाऊ. कोणीच मोजत नाही. त्रास देणारे बरेचसे बाहेरूनच भरून येतात, विमानात आम्ही एक दिला की तो त्यांचा पाचवा असतो आणि नाव विमानाचं खराब. २०२४ मध्ये रायनएअर या युरोपातल्या स्वस्त विमानकंपनीचा प्रमुख मायकल ओ'लिअरी म्हणाला होता की विमानतळावर बोर्डिंग पास दाखवून माणशी दोनच ड्रिंक द्या. त्याचं बाकी बोलणं लोक हसण्यावारी नेतात, पण क्रूवाले सगळे या मुद्द्यावर त्याच्या बाजूने. विमानतळाला दुकानांच्या भाड्याची कमाई असते त्यामुळे ते कशाला ऐकतील.

डॉ_शेवभाजी
थोडं शरीराबद्दल. लोक म्हणतात हवेत एक पेग म्हणजे जमिनीवरचे दोन, ते तसं खरं नाही, रक्तात अल्कोहोल तेवढंच चढतं. पण केबिनमधली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असते तितकी विरळ ठेवलेली असते. आपलं तोरणमाळ पावणेचार हजार फुटांच्या आसपास, म्हणजे तोरणमाळवर अजून एक तोरणमाळ ठेवून त्यावर बसून प्यायचं असं समजा. रक्तात ऑक्सिजन आधीच थोडा कमी, त्यात दारू, म्हणून डोकं लवकर जड होतं आणि माणसाला वाटतं जास्त चढली. आणि हवा कोरडी, आपल्या जळगावच्या मे महिन्यातल्या दुपारीसारखी, घसा सुकतो म्हणून माणूस अजून मागतो.

२०२४ मध्ये जर्मनीत कोलोनला एक प्रयोग झाला, १८ ते ४० वयाच्या ४८ धडधाकट लोकांवर. काहींना झोपण्याआधी साधारण दोन कॅन बियर इतकी दारू दिली आणि आठ हजार फुटांच्या हवेत चार तास झोपवलं. दारू पिऊन झोपलेल्यांचा ऑक्सिजन ८५ टक्क्यांवर आला, ठोके मिनिटाला ८८. न पिता त्याच हवेत झोपले त्यांचा ८८ टक्के आणि ७३ ठोके. आता हे तरुण लोक. नाना ६८, बीपीची गोळी असेल, छातीचं काही असेल तर पिऊन झोपणं हे जास्त धोक्याचं. दंगा करणारा निदान जागा तरी असतो.

तापीकाठ
बीपीची गोळी आहे डॉक्टरसाहेब, दोन आहेत. हे मी वाचून दाखवणार नाही, पुरवून पुरवून सांगेन.

वकिलीण_धुळे
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, त्याआधी एक. देशातल्या देशात फ्लाइट असती तर नानांची बाजू अजून कमजोर असती. १९३७ च्या विमान नियमांत स्पष्ट आहे की देशांतर्गत विमानात कंपनीने दारू द्यायची नाही आणि प्रवाशानेही प्यायची नाही. म्हणून मुंबई-दिल्लीला कितीही महागडं तिकीट काढा, हातात मोसंबी ज्यूसच येतो. आंतरराष्ट्रीयला कंपनीने दिलेली चालते. त्याच नियमांत हेही आहे की विमानाची सुरक्षा किंवा शिस्त बिघडेल असं मद्यपान कोणी करायचं नाही.

आता नो फ्लाय. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्यांचे नियम सप्टेंबर २०१७ चे, तीन पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे हातवारे, शिवीगाळ, पिऊन गोंधळ, तीन महिन्यांपर्यंत बंदी. दुसरी अंगावर हात टाकणं, सहा महिन्यांपर्यंत. तिसरी जिवाला धोका, कॉकपिटमध्ये घुसायचा प्रयत्न वगैरे, दोन वर्षं किंवा जास्त. पण हे आपोआप होत नाही. वैमानिकाने लेखी तक्रार द्यावी लागते, मग कंपनीच्या समितीपुढे जातं, तिचा अध्यक्ष निवृत्त जिल्हा आणि सत्र न्यायाधीश असतो, ३० दिवसांत निर्णय, आणि त्यावर अपील पण करता येतं. कागद देऊन, बाटली परत देऊन सोडलं याचा अर्थ प्रकरण तिथेच मिटवलं. नानांना नोटीस आलेली नाही ना? मग बारशाला जा खुशाल.

क्रूवर राग धरू नका याचं एक कारण सांगते. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली विमानात एका प्यायलेल्या माणसाने वृद्ध बाईच्या अंगावर लघवी केली, आठवत असेल सगळ्यांना. त्या प्रकरणात नुसता प्रवासी अडकला नाही, एअर इंडियाला ३० लाखांचा दंड झाला आणि वैमानिकाचं लायसन्स तीन महिन्यांसाठी सस्पेंड झालं. त्यानंतर कंपनीने दारू देण्याचे नियम नव्याने लिहिले. म्हणजे आता क्रूने दुर्लक्ष केलं तर त्यांची नोकरी जाते. तेव्हा बाटली पाहून ती बाई हसत निघून जाईल ही अपेक्षाच चूक.

अंजनीची_लेक
मी थोडं कडू बोलणार आहे, तापीकाठ दादा माफ करा, तुमच्या नानांबद्दल नाही.

मी एकटी प्रवास करते, महिन्यातून एकदा तरी. मधल्या सीटवर मी आणि दोन्ही बाजूंना "काय नाही मॅडम, थोडीशीच घेतलीय" वाले, हे सहा तास काय असतात ते खिशात_सातबारा यांना कळणार नाही. हात लागला की सॉरी, परत लागला की सॉरी. क्रूला सांगितलं तर सीट बदलून मला मागे टॉयलेटजवळ पाठवलं. तो तिथेच, आरामात. उठायचं मी. धाग्यात सगळे पेग, बाटली, हिशोब यावर हसतायत म्हणून लिहिलं. पेग मोजतात तेही शेजारी बसलेल्यासाठीच मोजतात.

पूर्वी_हवेत
@अंजनीची_लेक खरं आहे. आणि सीट तुझी बदलली हे आमचंच चुकतं, भरलेल्या विमानात सोपा मार्ग म्हणून बाईला उठवतात कारण ती भांडणार नाही हे माहीत असतं. मीही केलंय ते, दोनदा. आज लाज वाटते. पुढे असं झालं तर तिथल्या तिथे सिनियर क्रूला बोलव आणि "लेखी नोंद करा" म्हण, त्या शब्दाने सगळे जागे होतात.

खिशात_सातबारा
@अंजनीची_लेक ताई, मी या बाजूने विचारच केला नव्हता. कन्झ्युमर कोर्ट मागे घेतलं.

नवापूर_नाका
आम्हा नंदुरबारकडच्यांना मुंबईपेक्षा सुरत जवळ, तिथून आता शारजा, दुबई, बँकॉक सगळं आहे. तर आमचा घोळ अजून वेगळा. नवापूर स्टेशन माहीत आहे ना, निम्मं महाराष्ट्रात निम्मं गुजरातेत, बाकड्याच्या मधोमध सीमा. एकाच बाकड्यावर इकडच्या टोकाला परमिटवर चालेल आणि तिकडे सरकलं की गुन्हा. आणि गंमत म्हणजे कायदा मुळात एकच, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, १९६० ला राज्यं वेगळी झाली तेव्हा दोघांनी वाटून घेतला, त्यांनी बंदी ठेवली आपण परमिट ठेवलं.

मग बँकॉकवरून येतांना विमानात दोन घेतले आणि सुरतला उतरलो तर काय? विमानात कायदेशीर, दाराबाहेर गुजरात.

आणि ते डिसेंबर २०२४ चं सुरत-बँकॉकचं पहिलं विमान आठवतं का, चार तासांत सगळी दारू संपवली म्हणून व्हिडिओ फिरला होता, १५ लिटर वगैरे. आमच्याकडे महिनाभर तेच.

भुसावळ_जंक्शन
@नवापूर_नाका त्या १५ लिटरचा मी तेव्हाच हिशोब केला होता, तिकीट क्लार्क आहे, हिशोब केल्याशिवाय झोप येत नाही. ते विमान बोइंग ७३७, सीट १८० च्या आसपास. १५ हजार मिली भागिले १८०, माणशी ८३ मिली. म्हणजे चार तासांत दीड पेग पण नाही पूर्ण! देशभर सुरतवाल्यांची बदनामी झाली आणि आकडा खरा धरला तरी निघाला दीड पेग. आमच्या इथल्या हळदीत ८३ मिली तर ग्लासाला चिकटून राहते.

वकिलीण_धुळे
😀 हिशोब मान्य. नवापूर_नाका, तुमच्या प्रश्नाचं गांभीर्याने उत्तर असं की उतरल्यावर त्या राज्याचा कायदा लागतो. बिहारचं उदाहरण आहे, तिथे २०१६ पासून दारूबंदी. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीहून पाटण्याला उतरलेल्या दोन प्रवाशांना नशेत होते म्हणून अटक झाली होती. गुजरातेत परराज्यातल्या माणसाला तात्पुरता परमिट मिळतो, तो आधी काढून ठेवा, बिल जवळ ठेवा, आणि उतरायच्या दोन तास आधी ग्लास खाली ठेवा. सगळ्यात चांगलं म्हणजे शेवटचं.

सातपुडा_पायथा
मला एक वेगळं विचारायचंय, हसू नका. आमचा भाचा शारजाला आहे, धडगावचा पोरगा, त्याला घरच्या मोहाच्या दारूची फार आठवण येते. आई म्हणते एक बाटली घेऊन जा. बॅगेत टाकून, केबिनमध्ये नाही. पाच लिटर चालते असं ऐकलंय.

भुसावळ_जंक्शन
बिसलरीच्या बाटलीत का 😂

सातपुडा_पायथा
हो मग कशात. मोहाला काय लेबल असतं?

पूर्वी_हवेत
@सातपुडा_पायथा नका नेऊ भाऊ, आणि हे हसून नाही सांगत. पाच लिटरचा नियम असा आहे की २४ टक्क्यांच्या वर आणि ७० टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली दारू, माणशी पाच लिटर, चेक-इन बॅगेत, आणि दुकानातून घेतलेल्या मूळ पॅकिंगमध्ये. २४ च्या आतली बियर-वाइन असेल तर हा नियम अडवत नाही, फक्त वजन तुमचं. ७० च्या वर अजिबात नाही कारण तिथे तो विषय दारूचा राहत नाही, पेट्रोलसारखा ज्वालाग्राही माल होतो. मोहाची पहिल्या धारेची असेल तर किती टक्के ते गाळणारालाही ठाऊक नसतं. स्कॅनरवर थांबवणार, बॅग उघडणार, बॅगेतून वास येणार.

वकिलीण_धुळे
आणि विमानाआधी महाराष्ट्राचा कायदा आहेच, हातभट्टी बाळगणं हाच गुन्हा. पुढे शारजा, तिथे तर दारूवर बंदीच आहे. दुबईच्या कस्टमला चार लिटरची सूट मिळते म्हणून लोक गोंधळतात, पण अमिरात बदलली की नियम बदलतो. भाच्याला मोहाची वाळलेली फुलं पाठवायचा विचारही आधी तिकडचे नियम बघून करा.

सातपुडा_पायथा
आईला कसं सांगू आता. तिने गाळून ठेवलीय.

डॉ_शेवभाजी
ती आता काढा म्हणून घरातच संपेल, काळजी नको 😀

केळीचा_घड
विषय निघालाच आहे तर. २०२४ पासून जळगाव-गोवा थेट विमान झालं, छोटं एटीआर. आमचा एक मित्र (खरंच मित्र) तिथून येतांना चेक-इनमध्ये चार बाटल्या घेऊन आला, कोणी काही बोललं नाही. म्हणजे चालतं ना?

वकिलीण_धुळे
@केळीचा_घड विमानवाल्याने अडवलं नाही याचा अर्थ एवढाच की त्याच्या दृष्टीने बॅग पेट घेणार नाही. पाच लिटर हा विमानाच्या सुरक्षेचा नियम आहे. दारू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आणायची परवानगी तो देत नाही. गोव्याची दारू परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणं हे दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ मध्ये येतं, मग ती ट्रकमधून येवो, नाहीतर विमानाने. तुमच्या खऱ्या मित्राला सांगा की एकदा सुटला.

आणि ड्यूटी फ्रीचे दोन लिटर माणशी हा तिसराच नियम, तो कस्टमचा. तीन खाती, तीन नियम, आणि लोक एकाचं बिल दुसऱ्याला दाखवतात. नानांचंही तेच झालं, कस्टमची सूट त्यांनी हवाईसुंदरीला दाखवली.

खिशात_सातबारा
तलाठी, सर्कल आणि भूमी अभिलेख. आता समजलं.

अंजनीची_लेक
एक प्रश्न राहिला, पायलटचं काय? त्यांना कोण मोजतं?

पूर्वी_हवेत
त्यांना सगळ्यात कडक. आपल्याकडे उड्डाणाच्या आधी १२ तास पायलट आणि क्रू दोघांनाही दारू बंद, आणि नळीत फुंकून चाचणी होते तेव्हा आकडा शून्य पाहिजे, थोडीशी वगैरे चालत नाही. अमेरिकेत ८ तास आहे आणि रक्तातलं अल्कोहोल ०.०४ टक्क्यांच्या आत पाहिजे. आपल्याकडे पहिल्यांदा सापडलं तर तीन महिने लायसन्स सस्पेंड, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा कायमचं रद्द. मी असतांना लग्नसराईत माहेरी यायचे तर घरचे म्हणायचे घे गं थोडी वाइन, आता तर नोकरीत मोठी झालीस. आणि मी दुसऱ्या दिवशीची पहाटेची ड्यूटी मोजत बसायचे, ताक पीत.

तापीकाठ
मंडळी, शेवटचा अपडेट. काल रात्री नानांना सगळा धागा वाचून दाखवला, डॉक्टरसाहेबांचा भाग सोडून, पण तो काकूंनी माझ्या मोबाइलवर स्वतः वाचून काढला होता आणि तोंडपाठ केलेला. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांना सगळ्यात काय लागलं असेल तर अंजनीच्या ताईचं. म्हणाले, माझ्या डाव्या हाताला एक पोरगी बसली होती, ती कानात वायरी घालून पूर्ण वेळ भिंतीकडे सरकून बसली होती, मला वाटलं तिला झोप येतेय.

एवढंच म्हणाले. नंतर उठून बाटली कपाटात मागे ठेवली, पाऊणच्या वर आहे अजून.

डिसेंबरचं तिकीट काढलंय. यावेळी बाटली येतांना चेक-इनमध्ये टाकायची असं ठरलं आहे, म्हणजे हातातच राहणार नाही. पण ड्यूटी फ्री तर बॅग दिल्यानंतर आत लागतं, मग ती चेक-इनमध्ये जाणार कशी? का दुबईतल्या बाहेरच्या दुकानातून घेऊन बॅगेत भरायची?

पूर्वी_हवेत
बरोबर पकडलंत. ड्यूटी फ्रीची हातातच येणार, तेव्हा वरच्या कप्प्यात ठेवा, आणि तोही नानांच्या डोक्यावरचा नको, तुमच्या डोक्यावरचा. मुंबईला कस्टममधून बाहेर पडल्यावर पुढे जळगावचं विमान पकडणार असाल तर मात्र तिथे ती मोठ्या बॅगेत हलवा आणि बॅग चेक-इनला द्या, पुन्हा सिक्युरिटीला हातात नेऊ नका.

केळीचा_घड
आणि बॅगेत टाकतांना बाटली नानांच्या धोतरात गुंडाळा, दोन पदर. माझ्या मित्राची एक फुटली होती, खाली भरीताची वांगी होती चार किलो, बहिणीकडे न्यायची. घरी येऊन भाजली तर चुलीवर निळी ज्योत.

अंजनीची_लेक
@केळीचा_घड मित्राची ना? 😏

केळीचा_घड
मित्राचीच. भरीत मात्र मी खाल्लं.